ती फाईल मी उघडायला नको होती

मंडळी, आज मी पुरता अडकलोय.

पिंपळगावच्या पॅकहाऊसमधलं द्राक्षं निवडायचं मशीन ते बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या ग्राफिक्स लायब्ररीवर, म्हणजे स्क्रीनवर चित्रं दाखवणाऱ्या तयार कोडवर चालतं. नव्या कॉम्प्युटरवर ती चालत नाही, म्हणून आम्ही चौघं तिला ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला पर्याय लिहितोय. नियम एकच: कंपनीचा कोड बघायचा नाही, नाहीतर आमचं काम चोरी ठरेल.

सकाळी तिथल्या मेकॅनिक संजूभाऊंची फाईल आली. नेहमीसारखी एररची असेल म्हणून उघडली, तर कंपनीचाच कोड! लगेच त्यांचा फोन: "दादा, तुमच्यासाठी लय खटपट करून मिळवला."

तीन महिने मला छळणाऱ्या गोष्टीचं उत्तर पहिल्याच पानावर होतं.

आता ते विसरता येत नाही आणि लिहिताही येत नाही. टीमला सांगितलं तर मी बाहेर. लपवलं तर सगळ्यांचंच काम धोक्यात.

आत्ता भाऊंचा मेसेज आलाय: "झालं का मग चालू?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?