जुन्या पॅसेंजरला निरोप

सिंदी रेल्वेहून वर्ध्याच्या शाळेत रोज अप-डाऊन करणारा मी मास्तर. रेल्वेच्या डब्यांतलं मला इतरांपेक्षा जरा जास्तच कळतं, असा माझा समज होता. कॉलेजात होतो तेव्हा डबे विटकरी होते, बाक लाकडी पट्ट्यांचे. नोकरी लागली तोवर ते निळे झाले, बाकांवर रेक्झिन आलं. कोणी विचारो न विचारो, हे मी सांगायचोच.

त्यामुळे हे डबे काढून वेगळं इंजिन नसलेली मेमू येणार म्हटल्यावर निरोप समारंभ मी आपणहून अंगावर घेतला. शेवटचा दिवस सोमवार, असं जाहीरही केलं. मला ते स्टेशनवरच्या चहावाल्याकडून कळलं होतं. त्याला मीच सांगितलं होतं, हे फार उशिरा ध्यानात आलं.

सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून, झेंडूचा हार घेऊन मी फलाटावर उभा. तहसीलमधल्या एक बाई कैक वर्षं माझ्या समोरच्या बाकावर बसत. त्या म्हणाल्या, "सर, आज काऊन एवढे नटून आले?"

"निरोप द्यायचा आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

गाडी आली. लोक चढले. मी खिडकीच्या गजांना हार बांधला आणि फलाटावरूनच भाषण सुरू केलं. या डब्यांनी आपल्याला माणसं दिली, इथवर आलो होतो. आवाजही थोडा दाटला होता.

"सर, गाडी सुटून राह्यली ना! चढा!" बाई खिडकीतून ओरडल्या.

मला वाटलं, त्यांनाही भरून आलं. गाडी गेली, हार गेला, भाषण तेवढं राहिलं. एसटीनं शाळेत पोचलो तेव्हा दुसरा तास संपत आला होता.

मंगळवारी तीच गाडी आली. खिडकीला माझा हार लोंबत होता, सुकलेला. "तुम्हालेच दाखवाले आली," बाई म्हणाल्या आणि सगळा डबा हसला. त्यानंतर गाडी उशिरा आली की कोणीतरी म्हणायचंच, "सरांनी हार घातला असन."

खरा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा मी यवतमाळला साळ्याच्या लग्नात पंगतीत बुंदी वाढत होतो. बाईंचा फोन आला. "आज गेली, सर. भाषण नाई झालं, म्हणून येळेवर सुटली." मी हसलो, पण बुंदीचं भांडं दुसऱ्याच्या हाती देऊन थोडा वेळ मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो.

मेमूत पहिल्या दिवशी मी तोंड पाडूनच बसलो. दुःख करायचं असं ठरवलंच होतं. पण संध्याकाळी परत येताना खिडकी मिळाली, डोक्यावरचा पंखा चक्क फिरत होता, आणि शोकाला सुरुवात करता करता माझा डोळा लागला. जागा झालो तो सिंदी मागे टाकून थेट बुटीबोरीला. घरी फोन केला.

"बुटीबोरीले काऊन गेलते?" बायकोनं विचारलं.

"नवीन गाडी कशी आहे, ते पाहत होतो."

"डोळे मिटून?" ती म्हणाली.