काळ्या कोंबडीतलं लोखंड

आमच्या लॅबमधले किस्से बाहेर सांगायचे नाहीत, असं मी दर सोमवारी ठरवते. मंगळवारी नवा घडतो.

कातडी, पिसं, डोळे काळे करणाऱ्या रंगद्रव्यात तांबं, जस्त, लोह जाऊन बसतं. ते तिथे काय करतं, हे शोधायला मी कॅनडाहून पुण्यात परतले. वाटलं होतं, इथे लोक प्रश्नांवर तुटून पडतील. पहिल्या दिवशी आमच्या लॅबप्रमुख सरांनी एकच प्रश्न विचारला, "परत का आलात? व्हिसा संपला का?"

*

डोळ्यातल्या काळ्या पडद्यात जस्त भरपूर असतं, म्हणून मी बोकडाचे डोळे लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवले. तासाभरात सरांचा फोन. "ते डोळे हलवा. माझ्या श्रीखंडाकडे बघतायत."

"सर, सॅम्पलच्या फ्रिजमध्ये खाणं ठेवू नये."

"श्रीखंड आधी आलंय."

*

मग फुरसुंगीचे अण्णा आले. त्यांच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या मांसापर्यंत काळ्या. "एवढी काळी हाय म्हंजे लोखंड असणारच की. तेवढं लिहून द्या."

आमच्या तपासणीत पांढऱ्या कोंबडीच्या कित्येक पट लोह निघालं. रिपोर्ट गेला. मला मात्र तो आकडा पचेना. आमच्या सीनियर टेक्निशियन कुलकर्णी मॅडमना विचारलं, "मांस कशात कुटता?"

"पांढरं चिनी मातीच्या खलात."

"आणि काळं?"

"लोखंडी खलबत्त्यात. चिनी मातीला डाग पडतात हो."

दोन्ही मांसं मी चिनी मातीच्या खलात कुटून पुन्हा तपासली. फरक नावापुरता. रिपोर्ट बदलू या म्हटलं, तर सर म्हणाले, "लोखंड कुठून आलं, हे अण्णांनी विचारलंय का? किती आहे, एवढंच विचारलं. ते आपण सांगितलं."

*

त्याच संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन हजर. "मॅडम, सूनबाईला सातवा महिना, अंगात रक्त कमी. तुमचा रिपोर्ट बगून डॉक्टरच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या. आता घरचीच कोंबडी."

"अण्णा, ऐका..."

"आधी पेढा घ्या," सर मध्ये पडले आणि अण्णांना बोलत बोलत गेटपर्यंत सोडून आले. परतल्यावर मला म्हणाले, "तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला मी लॅबकडची बस सोडली आणि फुरसुंगीच्या बसमध्ये चढले. दार सूनबाईंनीच उघडलं. नाव सांगायच्या आधीच मी विचारलं, "गोळ्या टाकून तर दिल्या नाहीत ना?"