दोन शिळफाटे आणि एक नोटीस

आफ्रिकेतल्या बारा उद्योजकांना कंपनीचा कारभार शिकवायला पळसदरीच्या रिसॉर्टवर याल का, असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. माझं माहेर खोपोलीचं. तिथला रस्ता मला कोणी सांगावा?

पुण्याहून सकाळच्या एसटीने शिळफाट्यावर उतरले. त्या बारांपैकी युगांडाच्या ग्रेसचं विमान उशिरा आलं होतं. तिच्या टॅक्सीत इथून बसून मी वाट दाखवणार होते. ग्रेसचा सुकवलेल्या अननसाचा धंदा. संचालक तीनच: ती, नवरा आणि दीर. घराबाहेरचा चौथा मिळाल्याशिवाय गुंतवणूकदार हलायला तयार नव्हते. तिला देसाई सर हवे होते, कंपनी कारभारातले जुने जाणकार, आमच्या वर्गाच्या उद्घाटनाला आलेले. सर फोनवर कोणालाच हो म्हणत नाहीत, आणि रिसॉर्टवर ते फक्त त्या दिवशी, दोनपर्यंत होते.

साडेअकरापर्यंत मी तीन चहा प्यायले, ड्रायव्हरला पाच फोन केले.

"मॅडम, शिळफाट्यालाच उभा आहे!"

"अहो, मग मी कुठे उभी आहे?"

चहावाल्या मावशी म्हणाल्या, "अगं, त्यो कल्याणकडच्या शिळफाट्याला गेला आसंल. आमी पाव्हण्यांना आदी 'खोपोलीचा' म्हणून सांगतो. तू काय लिवलंस?"

ड्रायव्हरला पाठवलेल्या निरोपात मी लिहिलं होतं, शिळफाटा. बस्स! आणि दुसऱ्या दिवशीचा माझा पहिला धडा काय, तर 'बैठकीच्या नोटिशीत ठिकाण पूर्ण लिहा.' स्वतःचा असा राग आला की चौथा चहा मागवला.

पनवेलच्या कोंडीतून टॅक्सी पावणेदोनला आली. पळसदरीला पोचलो तर सर नुकतेच कर्जत स्टेशनला गेलेले. टॅक्सी तशीच पुढे दामटली. हा रस्ता सुंदर आहे म्हणतात. मी फक्त खड्डे पाहिले.

फलाटावर सर वडापाव खात होते. गाडी लेट, देव पावला! (वडा गरम असेल तरच घ्या.) ग्रेसने धापा टाकत सगळं सांगितलं.

सरांनी एवढंच विचारलं, "कंपनीत तुम्हाला 'नाही' कोण म्हणतं?"

"कोणीच नाही. म्हणून तर आले."

"बैठकीची नोटीस पाठवा. नीट असली तर येईन."

पुढचे दोन दिवस शिकवण्यात गेले. पाहुण्यांसाठी भाकरी सांगितली, तर रिसॉर्टवाल्यांनी दोन्ही दिवस नूडल्स वाढले. बोलून काही उपयोग झाला नाही.

महिन्याभराने पुण्यात ग्रेसच्या नोटिशीची प्रत आली. विषय पहिला, देसाई सरांची नेमणूक. सोबत सरांचं उत्तर, एका शब्दाचं: 'येतो.' ठिकाणात शहर, रस्ता, इमारत, मजला, खोली, सगळं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'याच नावाचा दुसरा रस्ता शहराबाहेर आहे. तो नव्हे.'

ती ओळ माझ्यासाठी होती.