पंचफुलानं सैल ठेवलेलं पीठ

पंचफुला भांडकुदळ नव्हती. भांडकुदळ बायका बऱ्या, बोलून मोकळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी नळावर एकमेकींच्या घागरी उचलू लागतात. पंचफुला गप्प बसायची. एखादी गोष्ट तिच्या मनाला लागली की ती तिथंच ठाण मांडून बसे, आणि तिचा हिशोब चुकता केल्याशिवाय या बाईला जेवण गोड लागत नसे. तिचा नवरा चंपत म्हणायचा, ‘‘हिचा राग म्हणजे राखेतला इंगळ. वरून पाहाल तं थंडागार.’’

दोघं तुमसरकडची. नागपूरला दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आणि पुढच्याच वर्षी भिलाईला आली. तिथं माळरानावर पोलादाचा कारखाना उभा राहत होता. चंपत खलाशी होता. दोरखंड आणि कप्प्या लावून लोखंडाचे खांब उभे करायच्या टोळीत. राहायला पावर हाउसजवळच्या कॅम्पात टिनाची खोली. नवीन गावात, नव्या कारखान्यात जातपात कोण विचारतो, असं चंपतला वाटे. पंचफुलाला तसं काही वाटत नव्हतं. माणसं आपलं गाठोडं घेऊन येतात तेव्हा त्यात सगळंच बांधून आणतात, हे तिला ठाऊक होतं.

तिच्या हातात एक विद्या होती. लंबी रोटी. वस्त्रगाळ केलेलं गव्हाचं पीठ मिठाच्या पाण्यात भिजवायचं, मग घटकाभर परातीत आपटायचं, ओढायचं, पुन्हा आपटायचं, आणि ओल्या फडक्याखाली चार तास मुरू द्यायचं. पोळपाट नाही, लाटणं नाही. पिठाचा लोळा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. रोटी अशी की ताटात घडी घालून वाढावी लागे. ही विद्या तिला तिच्या आईनं, मथुराबाईनं, लग्नाकार्यांतल्या चुलींवर शिकवली होती.

कॅम्पाच्या नाक्यावर श्यामरावांची खानावळ होती. श्यामराव भंडाऱ्याकडचेच कुणबी. बायको बेबीताईला जेमतेम पोळ्या जमत, म्हणून त्यांनी पंचफुलाला गुपचूप बोलावलं. मागच्या दारानं यायचं, ताडपत्रीच्या आड पीठ मळायचं, तिथंच रोट्या टाकायच्या आणि मागच्या दारानंच जायचं. जेवणाऱ्यांना सांगितलं जाई, बेबीताईच्या हातची रोटी आहे. सहा महिने साऱ्या खलाशांनी बोटं चाटत ती रोटी खाल्ली. बेबीताईची वाहवा झाली. पंचफुलानं तेही गिळलं.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी धोंडबा जेवायला बसले. धोंडबा म्हणजे टोळीचे म्होरके, मोठ्या पागोट्याचे, गावात पाटलाच्या ओट्यावर बसणारे. त्यांनी घास घेतला, थांबले आणि मोठ्यानं विचारलं, ‘‘श्यामराव, खरं सांगा. हे रोटी कोणाच्या हातची हाय?’’

साऱ्या पंगतीचे हात जागच्या जागी थांबले. हा प्रश्न गावाकडे ज्यासाठी विचारतात ते कोणाला सांगावं लागत नाही. श्यामराव ताडपत्रीमागे धावले, पंचफुलासमोरची पिठानं भरलेली परात उचलली आणि सगळ्यांच्या देखत बाहेर नालीत पालथी केली. ‘‘चूक झाली जी. बाई नवी होती, मले तिची जात मालूम नोती.’’ धोंडबा काही बोलले नाहीत. अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतला आणि गेले. ताडपत्रीच्या फटीतून पंचफुलानं सगळं पाहिलं. चार तास मुरलेलं ते पीठ नालीतून संथपणे वाहत होतं.

घरी आल्यावर ती रडली नाही. चंपत म्हणाला, ‘‘जाऊ दे वं. आपण दुसरं काम पाहू.’’

‘‘जाऊ देतो ना,’’ ती म्हणाली. ‘‘श्यामरावाच्या तोंडून वदवतो, मंग जाऊ देतो. त्याच पंगतीसमोर. पीठ कोण मळे ते.’’ तिला दुसरं काही नको होतं. आणि हिशोब चुकते करायच्या यादीत तिनं धोंडबांचंही नाव घातलं होतं.

दोन महिने गेले. बेबीताईच्या पोळ्यांनी खानावळ ओस पडू लागली. त्यातच थंडीत कारखान्यातल्या भट्टीचं काम जोरात आलं. एका बुधवारी टोळीला डबल पाळी लागली आणि रात्रीच्या जेवणाला ऐंशी माणसं येणार असा निरोप आला. मटणाचा रस्सा आणि लंबी रोटी. रोटी नसेल तर टोळी पलीकडच्या खानावळीत जाईल. श्यामराव सकाळीच पंचफुलाच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

‘‘पंचफुला, आजच्या दिस पीठ मळून दे. दुपारीच मळून ठेव आन् माणसं यायच्या आत निघून जा. रोट्या बेबी टाकंल. ती पायतच आली हाय तुले.’’

पाहतच आली आहे! पंचफुलाला हसू आवरेना, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. वर्षभर विहिरीच्या काठावर बसलं म्हणून कोणी पोहायला शिकत नाही. ‘‘मळून देतो जी,’’ ती म्हणाली.

दुपारी तिनं पाच पराती पीठ भिजवलं. मीठ बरोबर टाकलं, पाणी कोमट घेतलं, दंड भरून येईस्तोवर आपटलं. त्यात कसली खोट केली असेल असं कोणाला वाटत असेल तर त्यानं पंचफुलाला ओळखलं नाही. सूड घ्यायचा तर माल चोख हवा. तिनं फक्त एक केलं. एरवीपेक्षा पाणी थोडं चढतं ठेवलं. पीठ इतकं सैल झालं की त्यानं मुरलेल्या हाताचंच ऐकावं, दुसऱ्याच्या बोटांतून निसटून जावं. लाटण्याखाली तर ते यायचंच नाही. तिनं परातींवर ओली फडकी घातली, वरून घालून घट्ट करायला कोरडं पीठ उरलं नाही, सगळं यातच भिजवलं, असं बेबीताईला सांगितलं, आणि ठरल्याप्रमाणे मागच्या दारानं निघाली.

संध्याकाळी पाळीवरून घरी जेवायला आलेल्या चंपतला भाकर वाढून ती दारात बसली. हात धुऊन, बांगड्या वर सारून. चंपतनं विचारलं, ‘‘काऊन बसून राहिली थंडीत?’’

‘‘बोलावणं येणार हाय.’’

ते आलं. श्यामराव धावतच आले. सदऱ्यावर, कोपरावर, मिशीवरसुद्धा पीठ. बेबीताईची पहिली रोटी चुलीत पडली होती, दुसरी तिच्या हाताला चिकटली होती, तिसरीनं चूलच विझवायची बाकी ठेवली होती. रस्सा तयार, ऐंशी माणसं ताटं वाजवत बसलेली. ‘‘चाल पंचफुला, लवकर चाल! मागून ये.’’

‘‘मागून नाई. पुढच्या दारानं येतो. आन् आधी तुमी सांगाचं, पीठ कोणाचं हाय.’’

श्यामरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांना घासाघीस करायला काही जागा दिसली नाही.

ती पुढच्या दारानं आत शिरली तेव्हा ताटं वाजायची थांबली. श्यामराव खाली पाहत पुटपुटले.

‘‘मागं बसलेल्यांले ऐकू नाई आलं,’’ पंचफुला म्हणाली.

‘‘पीठ हिनं मळलं,’’ श्यामराव ओरडलेच. ‘‘पंचफुलानं. पयलेच्या रोट्याबी हिच्याच हातच्या होत्या. सहा महिने.’’

पंचफुलाच्या छातीत गार वाटलं. खरंच सांगायचं तर इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं. सात-आठ जण ताट सरकवून उठले आणि निघून गेले. ते जाणारच होते. बाकीचे बसून राहिले. बारा तास लोखंड उचललेल्या माणसाला भूक असते. ती चुलीपाशी बसली, ताडपत्री तिनं स्वतःच्या हातानं बाजूला सारली आणि सगळ्यांसमोर पहिला लोळा हातावर झुलवला.

तेव्हा धोंडबा उठले. आता हेही जाणार, तिला वाटलं. जा म्हणावं, यादी पुरी होईल.

धोंडबा श्यामरावांसमोर जाऊन उभे राहिले. ‘‘त्या दिशी म्या विचारलं होतं ना, कोणाच्या हातची? काहाले विचारलं, मालूम हाय? माही माय असीच रोटी टाके. ती मेल्यापासून असी खाल्ली नोती. त्या बाईले सांगावं, आणखी दोन टाक, एवढंच होतं माह्या मनात. अन् तू परात उचलून नालीत वतली!’’

पंचफुलाचा हात थांबला, पीठ कोपरावरून ओघळू लागलं. मग ती श्यामरावांकडे वळली. दोन महिने त्यांनी साऱ्या कॅम्पात सांगितलं होतं, आपल्या मनात काही नव्हतं, गिऱ्हाईक बिघडलं असतं म्हणून करावं लागलं.

‘‘मंग कोणाच्या सांगण्यानं वतलं जी तुमी?’’

श्यामरावांनी पंगतीवरून नजर फिरवली. बोट दाखवायला पंगतीत एकही माणूस उरला नव्हता. ते तसेच उभे राहिले, हाताला वाळत चाललेलं पीठ घेऊन, आणि सत्तर माणसं त्यांच्याकडे पाहत राहिली.

पंचफुलाला आणखी काही मागायचं नव्हतं. तरी तिनं धोंडबांनाही सोडलं नाही. ‘‘आन् तुमी, बाबा? मनात एवढं होतं तं गप काऊन उठून गेले?’’

‘‘नाई बोललो,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘चार लोक पायत होते. भेलो.’’ आणि मान खाली घालून आपल्या ताटावर जाऊन बसला.

तिनं रोट्या टाकायला घेतल्या. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना वाढून झालं. धोंडबांच्या ताटात तिनं चार रोट्या टाकल्या, सगळ्यांत मऊ, सगळ्यांत लांब. पण सगळ्यांच्या शेवटी.