पंखा आत येतो

पैठण गेटजवळच्या त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यातला हेडफोन तो चहा पितानाही काढत नसे.

त्याच्याकडून घेतलेला यूएसबी माइक मी तिसऱ्यांदा परत नेला. रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू यायचा. त्यानं माइक लॅपटॉपला जोडला, हेडफोन कानांवर चढवला.

"घरी गाता तसंच गा."

मी लाजत एक ओळ गायली. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"माइक एकदम बरोबर हाय, साहेब. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असं गाता तुम्ही. मग माइकचं बटण फुल फिरवता, अन् पंखा आत येतो. माइकपासून काय लपवायचं?"

घरी पंखा बंद करून मोकळ्या गळ्यानं गायलो. भिंतीपलीकडच्या टीव्हीचा आवाज कुणीतरी बारीक केला.