डाव्या हातावरचा भार

मावशी जन्माचीच भित्री. गॅस बंद केलाय ना, हे ती तीनदा बघायची. कुलूप ओढून बघून चार पावलं जायची आणि परत यायची. झुरळ दिसलं की थेट पलंगावर. तिचा भाऊ लहानपणापासून तिला 'धसका' म्हणायचा. अशा बाईने चारशे किलोच्या घोडीला खेटून चालायची नोकरी धरली, तेव्हा त्याला हसू आवरेना. "त्या घोडीला सांभाळून राहायला सांग," तो म्हणाला.

त्याआधी वीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. ओले टॉवेल, चादरी, ब्लँकेटं उचलून तिचं मनगट असं तयार झालं होतं की हातात घेताच वजन कळावं. धुलाईघर बंद पडलं आणि तिथल्याच फिजिओबाईंनी तिला बोलावलं. स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत जाण्याचा आजार असलेल्या मुलांना त्या घोडीवर बसवून व्यायाम द्यायच्या. घोडी चालते तेव्हा तिच्या हेलकाव्याबरोबर मुलाची कंबर, पाठ, पोट आपोआप कामाला लागतं. पुढे लगाम धरून मोतद्दार, दोन्ही बाजूंना एकेक माणूस. उजवी बाजू मावशीची, म्हणजे तिचा डावा हात मुलाकडे. तळहात मुलाच्या कमरेला नुसता टेकवायचा, भार आला की "थांबवा" म्हणायचं. भार उचलायचा नाही, एवढाच नियम.

घोडीची भीती महिन्याभरात गेली. नंतर जी बसली ती निराळी.

नऊ वर्षांची एक मुलगी यायची. येता-जाता सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून मोतद्दाराने तिचं नाव ठेवलं मास्तरीण. चालणं सुटलं होतं, चाकाच्या खुर्चीतून यायची. पण घोडीवर अशी ताठ बसायची की बघत राहावं. कुंपणाबाहेरच्या बाकावर तिची आई फेऱ्या मोजत बसे. आधाराशिवाय किती झाल्या, ते फिजिओबाई फळ्यावर लिहायच्या.

एका मंगळवारी वळणावर मावशीच्या तळहातावर भार आला. फार नाही, ओल्या रुमालाएवढा. "थांबवा" अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात बाकावरून आई म्हणाली, "चार झाल्या हं, बाळा." मावशीने शब्द गिळला आणि हात जरासा वर रेटला. मास्तरीण ताठ झाली. फळ्यावर चार लागले.

मग ते तसंच चालू राहिलं. रुमालाचा टॉवेल झाला, टॉवेलाची चादर. रोज सकाळी मावशी ठरवायची की आज सांगून टाकायचं, आणि आईचा चेहरा दिसला की तिची जीभ टाळूला चिकटायची. घास गिळवेना, झोप लागेना. आकडा मात्र चढत गेला. सहा, आठ, दहा. मास्तरीणही याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, तेव्हा पोरीला कळलेलं नाही अशी मावशीने समजूत करून घेतली.

एक दिवस मुलीला घोडीवर चढवताना आई सहज म्हणाली, "दहा फेऱ्यांचं कौतुक वाटतं हो, पण इथून गेल्यावर संध्याकाळी हिला चमचासुद्धा उचलवत नाही. मीच भरवते. होईल ना सवय?"

मावशीला एकदम उमगलं. दमलेल्या स्नायूंना आणखी राबवलं तर ते लवकर खचतात, हे फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फळ्यावरचा आकडा खोटा, आणि त्या खोट्यावर पोरीच्या फेऱ्या वाढत होत्या.

"आज बारा करू," फिजिओबाई आल्या आल्या म्हणाल्या. "आणि मावशी, आज हात काढून चाला. तिला आता गरज नाही."

घोडी चालू लागली. मावशीचा हात होता तिथेच होता.

"हात काढा, मावशी."

"थांबवा." आवाज इतका बारीक निघाला की मोतद्दाराने वळूनही पाहिलं नाही. "थांबवा," ती ओरडली, आणि घोडी जागच्या जागी उभी राहिली.

तिथेच वाळूत, हात न काढता, तिने सगळं सांगितलं. आधी रुमाल, मग टॉवेल, मग चादर. ती नखशिखांत थरथरत होती, तेवढा तो डावा हात सोडून.

ऐकताना बाकावरून उठलेली आई पुन्हा खाली बसली. "कधीपासून?"

"तीन महिने झाले, ताई."

फिजिओबाईंनी फळा पुसला. आता आपली नोकरी गेली, मावशीने मनाशी धरलं.

"तुम्हाला काढूनच टाकायला हवं," त्या म्हणाल्या. "पण एवढं नेमकं मला कोणतंही यंत्र सांगणार नाही. आजपासून दोनच फेऱ्या. दर वळणावर किती भार आला ते मोठ्याने सांगायचं. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"मला किलोत नाही कळत, बाई."

"तुम्हाला कळतं तसं सांगा."

घोडी निघाली. पहिलं वळण आलं. आई मावशीकडेच बघत होती.

"चादर," मावशी म्हणाली.

"चादर नाही, मावशी," वरून मास्तरीण म्हणाली. "त्याच्यापेक्षा जड. रोज मीच टेकते ना तुमच्या हातावर. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

मावशीने तळहातावरचा भार पुन्हा तोलला. मग बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, "ब्लँकेट."

फिजिओबाईंनी फळ्यावर लिहिलं.