घाण्याची उत्तरपूजा

कडावच्या अलीकडे आमच्या गावात एके काळी तेलाचे पाच-सहा घाणे होते, आणि त्यांच्यामुळे त्या आळीला घाणेआळी हे नाव पडले. कर्जतला तेलाची गिरणी झाली तशी बहुतेक घाण्यांची दगडी उखळे गुरांना पाणी पाजण्याच्या कामी लागली. माझ्या तरुणपणी, म्हणजे एकोणीसशे साठनंतरच्या दशकात, एकच घाणा फिरता उरला होता. तो एक विधवा बाई चालवीत. सारे गाव त्यांना आत्या म्हणे, मीही म्हणे. जमिनीत कंबरभर पुरलेले उखळ, त्यात उभी फिरणारी लाकडी लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी आणि ती फळी ओढणारा, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, एवढाच तो कारखाना. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि गावच्या शंकराची पूजा करीत असे. देवळातल्या समईचे तेल आत्यांकडूनच येई.

त्या सुमारास मुंबईची एक हौशी मंडळी रविवारी लेणी पाहण्यास येऊ लागली होती. परतताना त्यांना कोणी तरी घाण्याची वाट दाखविली. त्यांचे म्होरके हे टोपी घालणारे, देहाने भारदस्त असे निवृत्त गृहस्थ होते. हातात वही, खिशात दोन पेने. उखळाभोवती एक फेरी मारून त्यांनी गंभीरपणे विचारले, "हे कोणत्या राजवटीतले?"

"माज्या सासऱ्याच्या," आत्या म्हणाल्या. "कुंभिवलीच्या अंगाला एक पाथरवट व्हता, त्याच्याकडनं आणलंन."

म्होरक्यांची लेखणी हवेतच थांबली. उन्हातून तीन कोस चालून आलेल्या त्या मंडळींचे चेहरे असे उतरले की मला दया आली. दयेच्या पाठोपाठ विद्येचा ताठाही आला, हेही कबूल करतो. मी डोळे मिटून म्हणालो:

"तैलयन्त्रे स्थितः शम्भुस्तिलपुष्टः सनातनः।"

तेलाच्या यंत्रात राहणारा, तिळांवर पोसलेला सनातन शंभू. पुढे जोडले, "इति उच्यते." असे म्हटले जाते. कर्मणि प्रयोगाची हीच मोठी सोय आहे, की कर्ता सांगावा लागत नाही. कोणाकडून म्हटले जाते? माझ्याकडून, आणि तेही क्षणापूर्वी. उत्तरार्ध मला सुचला नाही. म्होरक्यांनी वहीत लिहिले, "उत्तरार्ध कालौघात लुप्त."

पुढच्या रविवारी दुप्पट मंडळी आली. त्यांनी बेल, कुंकू, नारळ आणले. कुंकू उखळात पडले, त्यावर नारळाचे पाणी पडले, आणि बैलाला नंदी ठरवून पेढे चारण्यात आले. शहरातली शिकली-सवरली माणसे पाया पडतात हे पाहून गावालाही आपल्या देवाची ओळख पटली. दहिवलीहून एक जण नवस बोलून गेला. महिन्याभरात पंचमंडळींनी ठरविले की देवाच्या पोटात लाट फिरविणे बरे नव्हे. घाणा बंद ठेवावा.

तो खुरासणीचा, म्हणजे कारळ्याचा, हंगाम होता. लोकांनी आत्यांच्या पडवीत आणून टाकलेली पोती एकेक करून उचलली आणि कर्जतच्या गिरणीत नेली. एकदा गिरणीची सवय लागली की ती पोती परत येणार नाहीत आणि शेवटचा घाणा देव म्हणूनच मरेल, हे सर्वांच्या आधी आत्यांना कळले.

मी पंचांपुढे सांगितले, "ती ओळ माझीच आहे, मीच रचली."

"बगा," सर्वांत वडीलधारे पंच कौतुकाने म्हणाले, "येवढी इद्या, पन मोठेपना कसा तो नाय!"

सत्य सांगून विनयशील ठरण्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग.

मग आत्याच देवळात आल्या. गाभाऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, देव कुनी बसवला?"

"मी."

"मंग उठवंल कोन? मी सांगून बगितलं त्याला. नाय उठत. संस्कृतात बसवलाय, त्याला आमची भाषा कुठं कळतीय!"

रात्रभर विचार करावा असे त्यात काही नव्हते. शास्त्र स्पष्ट होते. ज्या देवाला बसविता येते त्याची उत्तरपूजा करून त्याला निरोपही देता येतो. रविवारी मुंबईची मंडळी आणि गाव यांच्या समक्ष मी सोवळे नेसून बसलो. संकल्प, गंध, फूल, दहीभाताचा नैवेद्य, काही सोडले नाही. खोटे वाटेल, पण त्या पूजेत माझे मन शंकराच्या नित्यपूजेपेक्षा अधिक लागले. शेवटी अक्षता टाकून मी म्हणालो, "आता मूर्ती जागेवरून हलवायची."

पंच उखळाकडे पाहू लागले. सासऱ्याने ते हलू नये म्हणूनच पुरले होते.

"शास्त्रात काय पर्याय?" म्होरक्यांनी वही उघडून विचारले.

"जे हलते ते हलवावे," मी म्हणालो. हे शास्त्रात आहे की नाही ते मी आजही पाहिलेले नाही.

आत्यांनी तोवर उखळ धुऊन पुसून त्यात घरची खुरासणी ओतली होती. त्या बैल घेऊन आल्या. महिनाभर पेढे खाऊन नंदी झालेला तो प्राणी जुंपून घेईना. मान फिरवून पेढेवाल्यांकडे पाहू लागला.

"चल रं माज्या राजा," आत्या म्हणाल्या, "सुट्टी सरली तुजी."

बैल निघाला, पण लाट दाण्यांवरून नुसतीच घसरू लागली. फळीवर वजनाला ठेवायचे धोंडे भक्तांनी शेंदूर फासून पिंपळाखाली नेऊन बसविले होते. आत्यांनी जमलेल्या माणसांवरून एकवार नजर फिरविली आणि ती म्होरक्यांवर स्थिरावली.

"सायब, तुमी बसा."

"मी?"

"तुमच्यावानी वजन हितं दुसऱ्या कुनाचं हाय? बसा. पुन्य लागंल."

साहेब बसले. टोपी सावरीत, वही छातीशी धरून ते फिरू लागले आणि लाट करकरत दाण्यांत उतरली. दहाव्या फेऱ्यापर्यंत ते विधीविषयी प्रश्न विचारीत होते, विसाव्याला डोळे मिटले, आणि त्यानंतर केव्हा तरी "थांबवा हो" असे क्षीणपणे म्हणाले. आत्यांनी तेल सुटावे म्हणून उखळात पाण्याचा हबका मारला आणि बैलाला हाकले. तासाभराने उखळाच्या तोंडातून तेलाची धार सुटली. आत्यांनी ते भांड्यात धरले, बोट बुडवून चाखले व पंचांपुढे भांडे धरले. वडीलधाऱ्या पंचांनी एक थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिचकावले आणि मागे वळून सुनेला म्हणाले, "घरात पोतं ऱ्हायलंय न्हवं गं एक? आन जा."